इंजिन गरम होईपर्यंत

तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत. तुम्ही कोण, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण हिवाळ्यात गाडी सुरू केल्यावर वीस मिनिटं ती जागेवर घुरघुरत ठेवायची, त्याआधी हलवली तर इंजिनाची वाट लागते, हे आमच्या लोकांना पहिल्यांदा ज्यानं सांगितलं तो माणूस खोटं बोलला, किंवा अर्धवट ऐकून पूर्ण बोलला, आणि मग मान वर करून निघून गेला. बहुधा बसनं.

परदेशात गेलेल्या समाजाला नियमांची गरज असते. देव बॅगेत घालून आणता येतात, लोणचं कस्टमवाल्यांच्या नाकाखालून आणता येतं, पण नियम इथे येऊन नव्यानं करावे लागतात. न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसर परिसरातल्या मराठी समाजानं ही जबाबदारी ओळखून बरेच नियम केले. भारतात फोन करताना ओरडून बोलावं. सेलमध्ये मिळालेली वस्तू आपल्याला लागते की नाही, हे ती घरी आणल्यावर ठरवावं. पुढच्या वर्षी परत जायचंय, असं दरवर्षी म्हणावं. आणि हिवाळ्यात इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवू नये. यातले पहिले तीन नियम अधूनमधून मोडले जातात. (एकजण खरंच परत गेला. त्याचं नाव आम्ही घेत नाही.) चौथा नियम गेल्या जानेवारीपर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी सालापर्यंत, कोणी मोडला नव्हता.

या नियमामागचं शास्त्र त्र्यंबककाकांनी वेळोवेळी विशद केलेलं आहे. त्र्यंबककाका हे आमच्या मंडळाचे माजी, आजी आणि काही अघटित न घडल्यास भावी अध्यक्ष. सहासष्ट साली मिनेसोटात उतरले, तेव्हापासून त्यांना थंडी समजते. ते म्हणतात, "ऑइल म्हणजे तूप समजा. थिजलेलं तूप वाढाल का पानात?" यावर आजवर कोणालाही उत्तर सुचलेलं नाही, कारण प्रश्न ऐकताच समोरच्याला भूक लागते.

आता, सहासष्ट सालच्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, चोक होता, आणि गार असताना त्या खरोखरच आचके देत बंद पडायच्या. त्यांना थोडा दम द्यावा लागायचा, हे मान्य. पुढे गाड्या सुधारल्या. नव्या गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तर स्वच्छ छापलेलं असतं की, सुरू करा, क्षणभर थांबा आणि बेतानं निघा. पण पुस्तिका उघडणं म्हणजे त्र्यंबककाकांवर अविश्वास दाखवणं. त्यामुळे आमच्याकडच्या पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, पेपर नॅपकिनांच्या खाली, कोऱ्या करकरीत आहेत. (मी एकदा मंडळात हा विषय काढला. मी इंजिनिअर नाही, तेव्हा इंजिनाबद्दल मी बोलू नये असं मला सांगण्यात आलं. सांगणारे दोघे सिव्हिल इंजिनिअर होते आणि एक केमिकल.)

नियमाची व्याप्ती मोठी आहे. अ‍ॅरिझोनात, चँडलरला, आमच्यातले दोघे सेमीकंडक्टरच्या कंपनीत लागले. तिथे जानेवारीतल्या दुपारी लोक अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हिंडतात. तरी ते दोघे जेवणाच्या सुट्टीनंतर निघताना वीस मिनिटं इंजिन गरम करतात, आणि तेवढा वेळ आतलं एअर कंडिशनिंग चालू ठेवतात. निष्ठा म्हणतात ती ही.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमधलं सकाळचं दृश्य प्रत्येक मराठी माणसानं एकदा पाहावं. सात गाड्या धूर सोडत उभ्या. त्यांच्या मधोमध सात पुरुष. अंगात सूट, सुटावर कोट, कोटावर शाल, डोक्याला माकडटोपी. गाडीत कोणी बसत नाही, कारण गाडी गरम होताना तिच्यात बसलं तर गप्पा होत नाहीत. या ठिकाणी ना साहेब असतो, ना बायको, ना इंग्रजी. मी एक अख्खा हिवाळा तिथे उभा राहून जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष असे. विषय साहेबाच्या निंदेचा असेल, तर इंजिन बारा मिनिटांत तापतं. ग्रीन कार्ड निघालं, की अठरा. पुण्यात फ्लॅट घ्यावा की कोथरूडला मोकळा प्लॉट, यावर पंचवीसच्या खाली कुठलंही इंजिन तापल्याची नोंद नाही. भारत क्रिकेटची मॅच हरला असेल, तर अर्धा तास. पराभवानं लोखंड फारच गार पडतं. मात्र बर्फ अंगावर पडायला लागला, की साती इंजिनं एकदम आणि ताबडतोब गरम होतात. यामागचं शास्त्र काकांनी अजून विशद केलेलं नाही.

या सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत अडचण निघाली ती लतिकाची.

लतिका म्हणजे तिसऱ्या बिल्डिंगमधल्या शैलेंद्रची बायको. नागपूरची एम.एस्सी. इथे आल्यावर कामाचा परवाना हाती येईपर्यंत पाच वर्षं तिनं पोळ्या लाटल्या, सीमा नावाची मुलगी शाळेत जाण्याइतकी मोठी केली, आणि ऑक्टोबरात तिला एका औषधाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सहा महिने कच्ची, मग पक्की. प्रयोगशाळा अर्ध्या तासाच्या रस्त्यावर, तिकडे बस नाही, आणि घरात गाडी एक. शैलेंद्र तिला सोडून पुढे आपल्या ऑफिसला जायचा. लायसन्स दोघांकडे होतं. (ती पहिल्या परीक्षेत पास झाली, तो तिसऱ्यात. हे घरात बोललं जात नाही.) पण हिवाळ्यात बायकांनी गाडी काढू नये, असा नियमाला एक पोटनियम आहे. त्यांना इंजिनाचं दुःख कळत नाही.

डिसेंबरभर लतिका उशिरा पोचली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या वरच्या बाईनं तिला बोलावलं आणि सांगितलं की, यापुढे एकदा जरी उशीर झाला तरी आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. बाई हसून बोलली. इथले लोक काढून टाकतानाही हसतात, त्यामुळे सुरुवातीला बढती मिळाल्यासारखं वाटतं.

लतिकानं घरी येऊन अर्धा तास लवकर उठायचं ठरवलं. शैलेंद्रनं हा प्रस्ताव तपासून फेटाळला. लवकर उठलं की बाहेर थंडी जास्त असते. थंडी जास्त म्हणजे इंजिन जास्त गार. जास्त गार इंजिनाला जास्त वेळ. म्हणजे अर्धा तास लवकर उठून अर्धा तास जास्त गरम करायचं, आणि निघायचं त्याच वेळी. यात फक्त झोप मोडते. तर्क बिनतोड होता. शैलेंद्र आय.आय.टी.चा आहे.

मग संक्रांतीला काकांकडे सगळे जमलेले असताना तिनं सगळ्यांसमोर विषय काढला.

"काका, माझ्या लॅबमधली मार्था गाडी सुरू करते आणि सरळ निघते. अकरा वर्षं जुनी गाडी आहे तिची."

काकांनी तिळाचा लाडू एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "अगं, त्यांच्या गाड्या त्यांच्या देशात असतात. त्यांना सवय असते."

"आपली गाडीपण इथेच बनलीय, काका."

"पण चालवतंय कोण? आणि तिची गाडी खराब होत नाही असं कोण म्हणालं? होते. आतून होते."

"मग कळत कसं नाही?"

"आतून होते म्हणूनच कळत नाही."

"यार लतिका," शैलेंद्र म्हणाला, "काका वीस वर्षं ड्राइव्ह करतायत इथे."

"मीपण करेन वीस वर्षं. आधी गाडी हलू दे."

काकांची बायको सुलभाकाकू हलव्याची वाटी फिरवत होत्या. त्या न थांबता म्हणाल्या, "मला विचार. मी मिनेसोटापासून कोट घालून उभी आहे." हे विनोदानं घेण्यात आलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी अशी थंडी पडली की पार्किंग लॉटमध्ये उभं राहणं अशक्य झालं. अशा आणीबाणीसाठीही व्यवस्था आहे. सातही जणांनी गाड्या सुरू केल्या, किल्ल्या आतच ठेवल्या, कुलपं गोठू नयेत म्हणून दारं नुसती लोटली, आणि तळमजल्यावर काकांच्या स्वयंपाकघरात चहाला गेले. विषय कोथरूडचा निघाला.

थोड्या वेळानं लतिकानं दार ठोठावलं. हातात डबा, पायात बर्फाचे बूट. "शैलेंद्र, निघूया ना? आज उशीर झाला तर संपलं."

"पाच मिनिटं गं. काटा हलू दे."

ती बाहेर गेली आणि तिनं गाडीत वाकून इंजिनाच्या उष्णतेचा काटा पाहिला. तो केव्हाच हलला होता. ती आत बसली, वर खिडकीत उभ्या असलेल्या सीमाला हात केला आणि निघून गेली.

पुरुष बाहेर आले तेव्हा सहा गाड्या होत्या.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "किती मिनिटं झाली होती?"

"सोळा," शैलेंद्र म्हणाला.

"म्हणजे चार कमी." काकांनी रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारली. "चोरांना इंजिनाचं काही पडलेलं नसतं."

पोलीस आला. तरुण, गोरा, नम्र. त्यानं वही काढली.

"गाडी चालू होती?"

"हो."

"किल्ली आत?"

"हो."

"दार उघडं?"

"लोटलेलं."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"चहा घेत होतो."

पोलिसानं बाकीच्या सहा गाड्यांकडे पाहिलं. त्या घुरघुरत होत्या, आत कोणी नव्हतं. "आणि या?"

"त्याही गरम होतायत," काकांनी समजावलं. पोलिसानं बराच वेळ काहीतरी लिहिलं.

एवढ्यात सीमा दप्तर घेऊन शाळेच्या बससाठी खाली आली. "डॅड, मॉम टुक द कार."

"तुला माहीत होतं? मग आधी का नाही बोललीस?"

"नोबडी आस्क्ड मी."

पोलिसानं विचारलं, बायकोला गाडी चालवता येते का. येते, शैलेंद्र म्हणाला. लायसन्स आहे? आहे. गाडी कोणाच्या नावावर? दोघांच्या. "मग गुन्हा काय झालाय, सर?"

काका पुढे झाले.

"चार मिनिटं, ऑफिसर," ते म्हणाले.

लतिका त्या दिवशी वेळेवर पोचली. संध्याकाळी गाडी घेऊन परत आली, तेव्हा चौकशी समिती पार्किंग लॉटमध्ये टॉर्च घेऊन तयार होती. बॉनेट उघडण्यात आलं. सातही जणांनी आळीपाळीनं आत पाहिलं. (केमिकलवाल्यानं वास घेतला.) समितीचे निष्कर्ष एकमतानं ठरले. बिघाड कुठेही आढळला नाही. सबब बिघाड आतून आहे. गाडी तरीही रस्त्यात बंद पडली नाही, याचं श्रेय शैलेंद्रचं, कारण गेल्या पाच हिवाळ्यांत त्यानं रोज वीस मिनिटं जी उष्णता इंजिनात साठवली, त्या शिलकीवर गाडी गेली. ही शिल्लक या हिवाळ्यापुरती पुरावी. तोपर्यंत लतिकानं गाडी तशीच नेण्यास समितीची हरकत नाही.

"आभारी आहे," लतिका म्हणाली, आणि बॉनेट तिनंच खाली आपटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज एकटी जायला लागली. एप्रिलमध्ये नोकरी पक्की झाली. तिनं पेढे वाटले, काकांनी दोन घेतले. हा दुसरा हिवाळा चालू आहे आणि शिल्लक अजून संपलेली नाही. समिती लक्ष ठेवून आहे.

शैलेंद्र काकांच्या गाडीतून ऑफिसला जातो. पण काकांची गाडी सुरू व्हायच्या आधी तो खाली येतो, शाल आणि माकडटोपीसकट, आणि जिथे त्याची गाडी उभी असायची त्या रिकाम्या चौकोनाशेजारी वीस मिनिटं उभा राहतो. मॅच हरली असेल तर अर्धा तास. ऑफिसला त्याला रोज उशीर होतो. परवा त्याच्या साहेबानं त्याला बोलावलं होतं. साहेब हसून बोलला, असं शैलेंद्र आनंदानं सांगत होता.

ज्यानं हा नियम काढला त्याच्याकडून मी जाहीर उत्तर मागणार होतो. तो सापडत नाही. म्हणून तुमच्याकडून मागतो.

तुम्ही शैलेंद्रला हसलात, काकांना हसलात, चँडलरच्या त्या दोघांना तर फारच हसलात. हसा. पण मंडळाचा हा अंक घरोघरी कधी वाचला जातो, ते मला ठाऊक आहे. रात्री कोणाला वेळ नसतो. रविवारी सेल असतात. तो वाचला जातो सकाळी, खिडकीशी उभं राहून, आणि बाहेर तुमची गाडी घुरघुरत असते. काटा केव्हाच वर गेलाय. कथा लांबली म्हणून आज इंजिनाला जरा जास्त वेळ लागतोय, एवढंच. तुमच्या मागे कोणीतरी तयार होऊन उभं आहे. तिनं दोनदा विचारलं, तुम्ही मान वर न करता "पाच मिनिटं" म्हणालात. ती पाच मिनिटं झाली, आणि उशीर तिला होतोय, तुम्हाला नाही.

काय सांगताय तिला?