धारदार लेन्स आणि लाटांची पैठणी

रविराजने ओसरीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटपट्टीने डकवलं, समोर ट्रायपॉड उभा केला आणि 'वधू पाहिजे' या मथळ्यावर लेन्स रोखली. झेंडूच्या वाफ्यातून हात धुवायला आलेले त्याचे वडील, गोटीराम, जागीच थांबले.

"लोकांची पोरं ही जाहिरात वाचत्यात," ते म्हणाले. "आमचं तिचे फोटो काढतंय."

"आप्पा, लेन्स तपासतोय."

"तपास. दसऱ्यापर्यंत तपास. मग टेंपो हाय."

टेंपो ही धमकी नव्हती, करार होता. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं रोज पहाटे बाजारात न्यावी लागत. दसऱ्यापर्यंत फोटोग्राफीचं भरवशाचं काम मिळालं नाही, तर रविराजने मुकाट्याने टेंपो चालवायचा. भरवशाचं असं एकच काम नजरेच्या टप्प्यात होतं, येवल्याच्या साधनाताईंच्या पैठण्यांचा कॅटलॉग. त्यांनी नमुन्याला एक साडी पाठवली होती. फोटो पसंत पडला, तर वर्षभर काम.

म्हणून तर त्याने वाल्मीककाकांकडून त्यांची जुनी लेन्स विकत घेतली होती. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते आणि घरातल्या मिक्सरचीही नोंदवही ठेवत. रविराजला मात्र कुणाच्या नोंदीची गरज नव्हती. शहरातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो लेन्सपरीक्षक म्हणून ओळखला जाई. ही ओळख त्याने स्वतःच करून दिली होती, पण कुणी हरकत घेतली नव्हती.

त्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि डोळ्यांत जाईल इतका मोठा केला. 'गृहकृत्यदक्ष'मधली एकेक रेघ सुईसारखी टोकदार होती. त्याने ग्रुपवर लिहिलं, "अशी धार नाशकात दुसरी नाही." तेव्हा साडेदहा वाजले होते.

तेवढ्यावर थांबला असता तर तो रविराज कसला? खात्रीची खात्री करायला त्याने मित्राचा, समर्थचा, नवाकोरा कॅमेरा आणला. रविराजचा जुना कॅमेरा सोळा मेगापिक्सेलचा, हा साठचा. तीच लेन्स, तीच भिंत, तीच वधू. फोटो तसाच मोठा केला, तर 'गृहकृत्यदक्ष' आंघोळीनंतर बिनचष्म्याने पाहिल्यासारखं पुसट दिसत होतं.

रविराजने तर्काने विचार केला. साडेदहाला लेन्स चांगली होती, अकराला बिघडली. म्हणजे अर्ध्या तासात काहीतरी घडलं होतं. त्याने लेन्स पुसली. ट्रायपॉडच्या पायाला विटा लावल्या. भिंत हलत नाही ना, हे पाहायला भिंतीला हात लावून उभा राहिला. शेवटी दुसरं वर्तमानपत्र आणलं.

"बातमीच तशी असंल," आप्पा जाता जाता म्हणाले.

मग त्याने ग्रुपवर दुरुस्ती टाकली, "लेन्समध्ये छुपा दोष. विक्रेत्यापासून सावध." विक्रेते वाल्मीककाकाही त्याच ग्रुपवर आहेत, हे त्याला दोन निळ्या खुणा दिसल्यावर आठवलं.

वीस मिनिटांत काकांची स्कूटर अंगणात होती. खांद्याला बारा मेगापिक्सेलचा जुनाट कॅमेरा, काखेत नोंदवही.

"लावा तुमची ती सदोष वस्तू ह्याला," काका म्हणाले. ते 'तुमची' म्हणू लागले, की माणसाने समजून घ्यायचं.

लेन्स लावली. काकांच्या फोटोत अक्षरं रविराजच्या पहिल्या फोटोपेक्षाही कडक निघाली.

"माझ्याकडे बरी, तुमच्याकडेही बरी, फक्त समर्थकडे आजारी," काका म्हणाले. "त्याच्या घरी जेवली होती का काही?"

दुपारपर्यंत तेरा प्रयोग झाले. प्रत्येक वेळी निकाल एकच. कॅमेरा जितका जुना, तितकी लेन्स धारदार. रविराजने तर वडिलांच्या मतदान ओळखपत्राचा फोटो ज्या कॅमेऱ्याने काढला असेल, तो शोधायचीही तयारी दाखवली. ओसरीच्या कोपऱ्यात बाजरीचं पीठ चाळत बसलेली त्याची आई, भागुबाई, सकाळपासून हे सगळं ऐकत होती.

"भरड चाळणी घेतली का वर काहीच राहत नाय," ती हातातली चाळणी न थांबवता म्हणाली. "वाटतं, पीठ किती चोख हाय. बारीक घेतली का कोंडा दिसतो. म्हणून पीठ बिघडलं का रे?"

 काकांनी नोंदवहीत लिहिलं, "प्रयोग क्र. १४: भागुबाई बरोबर."

"ऐकलंत?" ते म्हणाले. "कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे चाळणी. समर्थची बारीक, म्हणून लेन्सच्या बारीकसारीक खोडीही दिसतात. आता दोन्ही फोटो एकाच आकारात, पूर्ण बघा."

रविराजने पाहिलं. समर्थच्या कॅमेऱ्याचा फोटो उलट जास्त चांगला होता.  तीन वर्षं तो लोकांच्या लेन्सना मार्क देत आला होता आणि पेपर मात्र स्वतःच्याच कॅमेऱ्याचा तपासत होता. त्याच्या शब्दावर ग्रुपवरच्या कुंदनने एक चांगली लेन्स सिन्नरच्या माणसाला विकून टाकली होती, आणि तो माणूस आता पक्ष्यांच्या फोटोंची प्रदर्शनं भरवत होता.

त्याने ग्रुपवर माफी मागितली. काका चहा पिऊन गेले आणि जाताना 'तुझी' म्हणाले.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण अक्कल आली तरी सवय जात नाही. संध्याकाळी रविराजने पैठणीचे फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले, नेहमीप्रमाणे मोठे केले आणि जुन्या कॅमेऱ्यातली जरीची टोकदार तार पाहून त्याचा जीव पुन्हा तिच्यावर जडला. समर्थच्या कॅमेऱ्यातली तार त्या मानाने मऊ वाटली. मऊ फोटो पाठवायचा म्हणजे स्वतःच्या हाताने टेंपोची किल्ली घ्यायची. त्याने जुना पाठवला. पूर्ण फोटो बघायची त्याला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साधनाताईंचा फोन आला.

"रविराजभाऊ, ही साडी कोणाची?"

"तुमचीच की, ताई."

"आमच्या काठाला सरळ रेघा आहेत. ह्यात लाटा आहेत. जांभळ्या, हिरव्या, पाण्यासारख्या."

त्याने घाईघाईने पूर्ण फोटो उघडला. भरड चाळणीत जरीच्या केसाएवढ्या रेघा मावल्या नव्हत्या आणि सेन्सरने त्यांच्या जागी स्वतःच्या मनाच्या लाटा काढल्या होत्या. काठावरून रंगीत पाणी वाहत होतं.

"ताई, माझी चूक झाली. दुसरा फोटो—"

"थांबा. मी हा सकाळीच आमच्या गिऱ्हाइकांना पाठवला. सात जणींना लाटांचीच पैठणी हवी आहे. साधी नको म्हणतात."

"पण ताई, ती साडी नाहीच आहे."

"ते आमचे विणकर बुधादादा बघतील. तुमचं काम पक्कं."

आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "म्हणजे फोटो बिघडला म्हणून काम मिळालं?"

"हो."

"मग नीट काढायला शिकू नको," आप्पा म्हणाले आणि टेंपोसाठी ड्रायव्हर शोधायला गेले.

बुधादादा तीस वर्षं मागावर बसलेले. त्यांनी तो फोटो मागासमोर टांगला आणि दीड महिना तारेशी झगडून एका पदराच्या काठावर खरोखरच्या लाटा उतरवल्या. जांभळ्या, हिरव्या, थेट पाण्यासारख्या. पहिला फोटो रविराजनेच काढायचा असं साधनाताईंनी सांगितलं, आणि तोही त्याच कॅमेऱ्याने, कारण त्याचा हातगुण चांगला.

दसऱ्याच्या आधी रविराज येवल्याला पोचला. पदर अंथरला, फोटो काढला आणि या वेळी शहाणपणाने सगळ्यात आधी पूर्ण फोटो पाहिला. मग कॅमेरा हळूच खाली ठेवू लागला, पण साधनाताईंनी तो हातातून काढून घेतला.

बुधादादांच्या लाटा आणि सेन्सरच्या लाटा एकमेकींवर अशा नेमक्या बसल्या होत्या, की दोन्ही मिटल्या होत्या. काठावर मूळ साडीसारख्याच सरळ, स्वच्छ, केसाएवढ्या रेघा दिसत होत्या.

 साधनाताईंनी फोटो गिऱ्हाइकांना पाठवला आणि चहा मागवला. चहा संपायच्या आत नऊ जणींचे 'हीच हवी' असे मेसेज आले.

"बुधादादा, ही घ्या नवी डिझाइन," त्या म्हणाल्या. "लाटा राहू द्या आता."

बुधादादांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं, मग रविराजकडे.

"जमेल," ते म्हणाले. "पण घाई करू नका. अशी अवघड गोष्ट काढायला दीड महिना तर लागेलच."