चंपतरावांचा जुना कॉम्प्रेसर

विकणं म्हणजे काय हो, समोरच्याला पटवणं! आणि जो अडून बसलेल्या यंत्राला पटवू शकतो, त्याला माणूस काय अवघड? एवढ्याच भांडवलावर मी आमच्या कॉम्प्रेसर कंपनीच्या दुरुस्ती विभागातून विक्रीकडे उडी मारली. तेलकट डगला जाऊन इस्त्रीचा शर्ट आला, कार्डावर ‘अकाउंट मॅनेजर’ असं छापून आलं. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटलं, मी बँकेत लागलो. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

शंका होती ती फक्त मिनलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना. ज्याला भाजीवाल्याकडे मूठभर कोथिंबीर जास्तीची मागता येत नाही, तो मशीन काय विकणार, असं तिचं म्हणणं. त्यात आमच्या विक्रीच्या साहेब, नंदिनी मॅडमनी बजावलेलं, या महिन्यात पहिली ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर परत वर्कशॉप.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं मौद्याजवळच्या राइस मिलचे मालक चंपतराव. त्यांचा कॉम्प्रेसर म्हातारा झालेला आणि नवा घ्यायचा विचार पक्का. म्हणजे ताट वाढलेलं, आपण फक्त हात धुऊन बसायचं! मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की जास्त ज्ञान पाजळू नका, चहा प्या, विश्वास मिळवा आणि सही घ्या.

चहा आला. चंपतरावांनी पेनचं टोपणही काढलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत तो म्हातारा सुरू झाला. काय तो आवाज! दमेकऱ्याला जिना चढायला लावल्यासारखा. मी बिस्किटावर लक्ष ठेवून पाहिलं, पण जीव राहीना. मग मनात आलं, मॅडमनी विश्वासच मिळवायला सांगितलाय ना? मी बाह्या सरसावल्या आणि पाना मागितला.

फिल्टरमध्ये एवढा कोंडा, की गावच्या कोंबड्या जेवून उरला असता. तो झाडला, सैल झालेला पट्टा ताणला, व्हॉल्व्ह काढून साफ करून बसवला. शर्ट कामातून गेला. पण बटण दाबलं आणि मशीन अशी काही गुणगुणायला लागली की मला भरून आलं. अगदी खरं सांगतो, भरून आलं.

चंपतरावांनी तिच्या अंगावर हात ठेवून पाहिला आणि गड्याला नारळ आणि पेढे आणायला पिटाळलं. मग शेजारच्या मिलवाल्यांना फोन करून बोलावून घेतलं. आपल्याकडे मोठी मशीन घ्यायची म्हणजे नारळ आलाच. मी ओळखलं, मुहूर्ताची सही! मिलवाले आले, त्यांनी मशीनला कान लावले, माझा नंबर घेतला, आपापल्या कॉम्प्रेसरची रडगाणी गायली. एका चहात एवढी गिऱ्हाइकं! आपण जन्मजात विक्रेते, उगाच सगळी उमर ग्रीसमध्ये घातली, असं मला वाटायला लागलं.

हा सोहळा मॅडमनी पाहायलाच हवा म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या डोळ्यांदेखत नारळ फुटला. फुटला तो जुन्या कॉम्प्रेसरपुढे. मला वाटलं, निरोप देत असतील.

ऑर्डर झाली का, मॅडमनी विचारलं. मी ऐटीत फोन चंपतरावांच्या हातात दिला. आपल्या तोंडानं कशाला सांगायचं?

“मॅडम, तुमचा मानूस लाखात एक हाये,” चंपतराव म्हणाले. “मशीन अशी चालून राहिली, का आता मले दहा वर्सं नवीन घ्याचं काम नाही. हे बाकीचेही नवीनच घेनार होते. त्याइले मी म्हटलं, काहून पैसे घालता गा, आपले साहेब हायेत न!”

मी फोन परत घेतला. स्क्रीनवर मॅडमचा चेहरा थिजलेला. मौद्याचं नेटवर्क, दुसरं काय! मी हात उंच करून खोलीभर फिरलो, खिडकीपाशी गेलो, ऐकू येतंय का म्हणून दोनदा विचारलं.

“स्वच्छ ऐकू येतंय,” मॅडम म्हणाल्या. “परत आलात की वर ऑफिसात येऊ नका. सरळ वर्कशॉपमध्ये जा.”