शब्दांचं कूळ विचारणारे माधवभाऊ

आमच्या आलापल्लीत माधवभाऊंसमोर इंग्रजी शब्द तोंडातून काढायला माणसं बिचकत. शब्द चुकेल म्हणून नव्हे. तो कुठला, कोणाच्या घरचा, याची चौकशी सुरू होईल म्हणून. सोयरीक जुळवताना करतात तशी. "बोललास तं खरा बापा, पन याचं कूळ मालूम हाये का तुले?"

भाऊ लाकडाच्या डेपोत हेडक्लार्क होते. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि बाराही महिने अंगाला सागाच्या भुशाचा वास. जंगलखात्याचा इंग्रज साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. कोणी आरामखुर्ची घेतली, कोणी ग्रामोफोन. भाऊंनी घेतली जाडजूड डिक्शनरी. तिचा पहिला खंड शाबूत होता. 'एस'पासून पुढचा वाळवीनं खाल्लेला. त्यामुळे भाऊंची विद्या 'आर'पाशी थांबे आणि पुढच्या शब्दांवर त्यांचा भरवसाच नव्हता. पहिल्या निवडणुकीत मत देऊन आले, पण 'व्होट दिलं' असं काही म्हणाले नाहीत. "त्याचं घरानं मले मालूम नाई," म्हणाले.

'आर'च्या आतले मात्र जुनेपुराणे शब्दही त्यांना घरच्यासारखे. मी गावचा पोस्टमास्तर आणि त्यांचा शेजारी. 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री, मग आपल्या पंधरवड्यापेक्षा इंग्रजाचा एक दिवस कमी का, या चर्चेपायी त्यांनी एकदा माझी टपालाची थैली अडवून धरली होती. 'कर्फ्यू' फ्रान्सकडचा, रात्री विस्तव झाकून ठेवा असं सांगणारा. आपल्या बाया निखाऱ्यांवर रोज राख ओढतात तोच कर्फ्यू, असं ते गावभर सांगत. एकदा रेंजरसाहेबांनी एका फॉरेस्ट गार्डाला 'ब्लॅकगार्ड' अशी जुन्या साहेबी वळणाची शिवी हासडली. भाऊ मध्ये पडले. मोठमोठ्या घराण्यांच्या मुदपाकखान्यात काळी भांडी घासणाऱ्यांना थट्टेनं तसं म्हणत, हे त्यांनी सविस्तर समजावलं. तेवढ्यात साहेबांचा राग उतरला आणि गार्ड राजघराण्याशी नातं निघाल्यासारखा ताठ उभा राहिला.

आम्ही हसायचो. पण नागपूरकडचा पाहुणा आला की भाऊंची गाठ घालून द्यायला धावायचोही आम्हीच. जंगलातल्या गावात असा माणूस आहे, याचा आम्हाला भारी तोरा होता.

गंमत अशी की शब्दाशब्दाला कूळ विचारणाऱ्या या माणसाच्या घरात बिनकुळाची पोर होती. पटकीच्या साथीत डेपोच्या फाटकाशी कोणीतरी सोडून गेलेली, तीन-चार वर्षांची. स्वतःचं नाव तेवढं तिला सांगता येई, यमुना. भाऊंना मूलबाळ नव्हतं. नवराबायकोनं तिला घरात घेतलं. पुढे बायको गेली आणि भाऊ एकट्यानं पोरीच्या वेण्या घालायला शिकले. गावानं तिची चौकशी कधी केली नाही. पण ती लग्नाला आली आणि दोन स्थळं याच प्रश्नावर परत गेली. यमुना तशी हसतमुख, पण दुसऱ्या वेळी चहाच्या कपबशा उचलताना ती कोणाकडे बघेना.

तिसरं स्थळ वरोऱ्याचं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मॅट्रिक झालेला; आधीच्या दोघांसारखा इंग्रजीला कोरा नव्हे. पाहुणे यायच्या दिवशी भाऊंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चहापाणी झालं, मुलगी पसंत पडली, आणि मुलाच्या मामांनी कपबशी खाली ठेवून विषय काढला.

"बाकी समदं ठीक हाये, भाऊ. पन पोरीचं कूळ कोनतं?"

भाऊ उठले, आतून डिक्शनरी आणली, पान काढून मुलापुढे धरलं आणि 'मुलगी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला सांगितलं. मुलानं 'गर्ल'वर बोट ठेवलं, पुढची ओळ वाचली आणि थबकला.

"काय लिवलं हाये?" मामांनी विचारलं.

"मूळ मालूम नाई, असं लिवलं हाये, मामा."

"एवढ्या मोठ्या विद्वानायले गर्लचं कूळ सापडलं नाई," भाऊ म्हणाले. "म्हनून त्याहिनं तिले पुस्तकातून काढलं का? रानीच्या घरी तोच शब्द चालते, झोपडीत बी तोच. माह्या घरी चालला. तुमच्या घरी चालन का, तेवढं सांगा."

मुलानं डिक्शनरी मिटली, दोन्ही हातांनी भाऊंना परत दिली आणि म्हणाला, "मले चालते." मामांनी आधी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग त्या पुस्तकाकडे, आणि शेवटी तोंड गोड करायला साखर मागितली. भाऊंचा शेजारी म्हणून मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे कशाचा वाटला नाही.

लग्न डेपोच्या आवारात झालं. पोरीची लॉरी वरोऱ्याच्या वाटेला लागली आणि भाऊ टोपी हातात घेऊन सागाच्या ओंडक्यावर बसले. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ऐन वेळी बरा आठवला तुम्हाला तो शब्द.

"आठवाचं काय त्यात? पोरगी घरात आली त्याच सालचा तो लिलाव. पुस्तक हातात घेतलं तवा पयले तोच शब्द पाह्यला. म्हनून तं घेतलं."

"मग बाकीच्या शब्दांची एवढी उठाठेव कशाला केलीत इतकी वर्षं?"

भाऊंनी टोपीवरची धूळ झटकली आणि ती डोक्यावर ठेवली.

"एकाच शब्दाचं कूळ विचारलं असतं, मास्तर, तं लोक म्हनले असते, बुढ्यानं पोरीसाठी सोय केली. म्हनून समद्यायचंच विचारत राह्यलो."