झैतूनची मसलत

"हाजीसाहेबांची ऑर्डर आपलीच समजा," झैतूनने छातीठोकपणे सांगितलं. तिच्याकडे कामाला असलेल्या पाच बायकांत सगळ्यांत जुन्या एसाहकाकू. त्यांनी कढईतून मान वर न काढता नुसतं "हं" केलं.

मांस नारळाच्या दुधात तासन् तास परतून कोरडं केलं की त्याचं सेरुंडिंग होतं. मलेशियातल्या कोटा भारूहून हजला निघालेला माणूस ते सोबत घेतल्याशिवाय विमानात पाय ठेवत नाही. यंदा अख्ख्या जथ्याचं सेरुंडिंग यात्रा नेणारे हाजी वान दाऊद एकाच ठिकाणाहून घेणार होते: झैतूनकडून, नाहीतर शेजारच्या रोकियाकडून.

हलालचा दाखला दोघींकडेही होता. पण रोकिया सरपणाऐवजी नारळाची सोडणं जाळते, माल केळीच्या पानात बांधते, आणि रोज सकाळी कामगार बायकांना बसवून मसलत करते, म्हणून गल्लीभर तिचंच कौतुक. ते ऐकून झैतूनचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी तिनेही सोडणं आणली, पानं आणली आणि चटई अंथरली.

"आजपासून इथे मालकीण-नोकर नाही. खरं बोलायचं. मसलतीत ठरेल ते मला मान्य, अल्लाशपथ!"

दोन दिवस बायकांनी मसलतीत फक्त मिठाचं माप ठरवलं. तिसऱ्या दिवशी हाजीसाहेब आले.

"माझं इथे काही चालत नाही हो," झैतून लाडात म्हणाली. "सगळं मसलतीने. या बायकांनाच विचारा."

हाजीसाहेबांनी एसाहकाकूंना विचारलं, "दोन महिने टिकेल का माल?"

"खरं बोलायचं ना, झैतूनबाई?"

"अगदी मोकळेपणाने, काकू."

"मग नाही टिकणार. बाईंना घाई फार. पुरतं सुकायच्या आत कढई उतरवतात. रोकियाचं टिकतं."

झैतूनचं हसू तोंडावरच वाळलं.

"मग यात्रेकरूंसाठी कुणाचं न्यावं?" हाजीसाहेबांनी विचारलं.

पाच हात रोकियाच्या भिंतीकडे वळले. झैतूनने डोळे वटारले, पण बायका डोळे मिटून अल्लाला साक्ष ठेवत होत्या. हाजीसाहेबांनी तिच्या प्रामाणिक कारभाराची तोंडभरून स्तुती केली आणि ते रोकियाकडे गेले.

झैतून दुपारभर धुमसत राहिली. शपथ घ्यायला कुणी सांगितलं होतं, असं दहादा स्वतःलाच विचारून झालं. ऊन कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर रोकिया दारात उभी.

"झैतूनताई, एवढं काम मला एकटीला झेपायचं नाही. आमच्या मसलतीत ठरलं, निम्मं तुमच्याकडे द्यायचं. फक्त मी येऊन बघितल्याशिवाय कढई उतरवायची नाही."

रोकियाच्या हाताखाली! झैतून नकार द्यायच्या बेतात मागे वळली, तर पाचही बायका हात वर करून तयार. ती पुन्हा रोकियाकडे वळली.

"तुमच्याकडे किती जणींनी हात वर केले?"

"सगळ्यांनी."

"हं," झैतून म्हणाली, "आमच्या एसाहकाकूंनी तर दोन्ही केलेत."