एका माणसापुरतं सूप

आचाऱ्याने गॅसवर लहान भांडं ठेवलं आणि ते त्याला खेळण्यातलं वाटलं.

"एवढ्यात काय शिजणार? डोळ्यात घालायचं औषध?" त्याने भांड्यालाच विचारलं. घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

त्याने सगळी नोकरी कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली होती. रोज चारशे माणसं जेवायची. ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी दांडा असायचा आणि मीठ टाकायला त्याची उजवी मूठ. चमचे आणि वजनकाटे तो मानत नसे. मूठ भरली, पातेल्यावर सोडली, विषय संपला. चारशेंपैकी एकानेही कधी तोंड वाकडं केलं नाही. घरी मात्र बायकोने त्याला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. "ती मूठ बाहेर ठेवा आणि मग आत या," ती म्हणायची. बायको गेल्यावरही त्याचं पोटापाण्याचं अडलं नाही, कारण दोन्ही वेळा कँटीन होतंच. मग निवृत्ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस आपल्याच ओट्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की एका माणसाचं जेवण कसं करतात ते आपल्याला ठाऊकच नाही.

हसायचं तर हसा. पण ही दुनिया एकट्या माणसाच्या पोटाचा विचार करून बनवलेलीच नाही. दुकानात एक कांदा मागून बघा. दुकानदार असा बघतो की तुम्ही कांदा नाही, त्याचं मूत्रपिंड मागितलंय. पावाचा पुडा एवढा मोठा, की एकट्याने अर्धा संपवेपर्यंत उरलेल्या अर्ध्यावर हिरवळ उगवते. आणि ते मोबाइलमध्ये पाककृती सांगणारे हसरे लोक. म्हणे, चवीपुरतं मीठ. कुणाच्या चवीपुरतं? म्हणे, अंदाजाने पाणी. अरे, अंदाज असता तर तुझं तोंड बघत बसलो असतो का?

पहिल्या आठवड्यात आचाऱ्याने भात केला. तोच भात त्याने दुसऱ्या आठवड्यातही खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात अंडी उकडली, आणि उकडायचीच तर घरातली सगळी उकडली. फ्रिजचं दार उघडलं की अंडी घरंगळत स्वागताला यायची. शेवटी पिशवीभर अंडी घेऊन तो रस्त्यावर कुत्री शोधत फिरत होता, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सिस्टरने त्याला पकडलं. ही बाई निवृत्त परिचारिका. इस्पितळ सुटलं तरी पेशंट शोधायची सवय सुटली नव्हती. तिने त्याच दुपारी त्याच्या मुलीला फोन लावला.

मुलगी दुसऱ्या गावी राहायची. तिचा फोन संध्याकाळी आला.

"बाबा, रविवारी दुपारी येते मी. टेबलावर एका माणसाचं साधं जेवण दिसलं पाहिजे."

"दिसेल की."

"एका माणसाचं. पलटणीचं नाही. ते दिसलं तर तुम्ही राहा तिथे. नाही दिसलं तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. तुम्ही तिकडे शिळं खाताय आणि माझा इकडे जीव टांगलेला. बास झालं आता."

"आणि हे घर?"

"भाड्याने देऊ."

आचारी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. मुलगी गुणाची होती, जावईही वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या घरात टीव्हीचा आवाज विचारून वाढवावा लागतो आणि संडासात जरा वेळ लागला की बाहेरून कुणीतरी खाकरतं. इथे त्याची खुर्ची होती. खिडकीला बायकोने शिवलेला पडदा होता, एका बाजूने आखूड. त्या आखूड बाजूवरून दोघं जन्मभर भांडले होते. तो पडदा सोडून त्याला कुठेही जायचं नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी त्याने बटाट्याचं सूप करायला घेतलं. दोन बटाटे, एक कांदा, थोडं दूध, मिरपूड. यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. बटाटे शिजले, घोटले, रंग छान आला. आचाऱ्याने समाधानाने मान हलवली आणि मीठ टाकलं.

म्हणजे त्याने नाही टाकलं. मुठीने टाकलं. तो खिडकीबाहेर बघत होता, तेवढ्यात मूठ आपणहून बरणीत गेली, भरली, भांड्यावर आली आणि सुटली.

त्याने चमचाभर चाखलं. डोळ्यांतून पाणी आलं.

आता दुसऱ्या कुणीही ते ओतून दिलं असतं आणि नव्याने दोन बटाटे सोलले असते. पण आचाऱ्याने उभ्या नोकरीत एक डाव अन्न ओतून दिलं नव्हतं. कँटीनचा नियम एकच होता: खारट झालं की वाढवायचं. त्याने पाणी घातलं. सूप पातळ झालं, म्हणून टोपलीतले उरलेले बटाटे घातले. बटाटे भांड्यात मावेनात. दुसरं भांडं घेतलं, तेही भरलं. मग त्याने खाटेखालचं पातेलं बाहेर ओढलं.

लोकांना निवृत्तीला घड्याळ मिळतं. कँटीनवाल्यांनी त्याला पातेलं दिलं होतं. इतके दिवस त्यात तो पांघरुणं ठेवायचा. पांघरुणं काढली, पातेलं घासलं, दोन शेगड्यांवर मिळून एक असं चढवलं, आणि त्या क्षणी आचाऱ्याच्या हातांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. खांदे सैल पडले. तो शीळ घालू लागला. बाजारात जाऊन पिशवीभर बटाटे आणले, बादलीने पाणी ओतलं. सूप रटरटायला लागलं, आणि मोठं पातेलं रटरटायला लागलं की जे करायचं असतं ते मुठीने केलं.

"मेलो," आचारी म्हणाला.

बटाटे संपले होते. दुकानदारही आता रविवारचं शटर ओढून घरी गेला होता. आचाऱ्याने समोरचं दार ठोठावलं. तिथे एक घड्याळजी राहायचा, एकटाच. तो दिवसभर भिंग लावून बसायचा आणि चहात बिस्किटं बुडवून जगायचा.

"बटाटे आहेत का हो?"

"एक आहे. कोंब आलाय त्याला."

"द्या."

"किती दिवसांचा आहे ते तरी विचारा."

"अहो, द्या हो. मला आता निवडानिवड परवडत नाही."

तो बटाटा पातेल्यात पडला तेव्हा त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मग आचारी खाली गेला आणि नाइलाजाने सिस्टरचं दार वाजवलं. सिस्टरने बटाट्यांची टोपली दिली, दुधाची पिशवी दिली आणि न बोलावता मागोमाग वर आली.

"काय चाललंय?"

"माझ्यापुरतं सूप करतोय."

सिस्टरने पातेल्यात वाकून पाहिलं. "आंघोळही यातच करणार का?"

"टोमणे मारू नका. तुम्ही फोन केला नसता तर ही वेळ आली नसती."

"मी फोन केला नसता तर तुम्ही ती अंडी स्वतः खाल्ली असती. मग वेळच संपली असती तुमची." तिचे बटाटे आणि दूध पातेल्यात पडून शिजल्यावर तिने चमचा उचलून चाखलं आणि थांबली. पुन्हा चाखलं. "आता चांगलं झालंय."

"झालंय ना?"

"झालंय. पण पोरगी कधी येणार?"

"दुपारी."

"मग ओता मोरीत आणि एक वाटी ठेवा टेबलावर."

"मोरीत?" आचाऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की सिस्टरने आयुष्यात पहिल्यांदा शब्द परत घेतला.

"बरं. मग वाटून टाकू."

घरोघरी सांगायला सिस्टर गेली. या बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांना ओळखत नव्हते असं नाही. जिन्यात भेटले की पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करण्याइतके ओळखत होते. पण दारामागे कोण काय खातं ते कुणी कुणाला विचारत नसे. निम्म्या दारांमागे एकेकटी माणसं होती. कुणी ओट्याशी उभ्याउभ्या पाव चावत होतं, कुणी पातेलीतूनच जेवत होतं, कारण ताट घेतलं की ताट धुवावं लागतं. सूप म्हटल्यावर ती सगळी बाहेर आली, हातात मिळेल ते भांडं घेऊन. एकाने फुलदाणी आणली. सिस्टरने ती परत पाठवली.

आचाऱ्याने सगळ्यांत आधी एक वाटी भरली. ती टेबलावर मधोमध ठेवली आणि शेजारी चमचा सरळ केला. हा पुरावा. बाकीचं सूप मुलगी यायच्या आत गायब करायचं, पातेलं खाटेखाली सारायचं, वर पांघरुणं.

"रांगेत उभे राहा," सिस्टर जिन्यात सगळ्यांना सांगत होती. "ज्यांना वाढलं त्यांनी पायऱ्यांवर बसा. गरम आहे, बोलू नका, खा."

सिस्टरने सांगितल्यावर कोण बोलतंय. माणसं पायऱ्यापायऱ्यांवर माना खाली घालून गप्प बसली. मिरपूड जरा जास्त पडली होती. त्यामुळे कुणी नाक ओढत होतं, कुणी रुमालाने डोळे पुसत होतं.

मुलीला आधीची बस मिळाली.

ती जिना चढू लागली आणि पहिल्याच वळणावर तिचे पाय थबकले. अख्खी बिल्डिंग जिन्यात बसली होती. माना खाली, डोळे ओले. वर बापाच्या घराचं दार सताड उघडं, दारात आणखी माणसं, आणि त्यांच्यात सिस्टर, इस्पितळातला तो कडक चेहरा करून. सिस्टरने मुलीला पाहिलं, काही न बोलता बाजूला झाली आणि हाताने सगळ्यांना वाट करायला सांगितलं.

मुलीच्या हातातली पिशवी गळून पडली. ती धावत वर गेली, उंबऱ्याला अडखळली आणि आत पाहिलं, तर बाप डाव घेऊन उभा.

"पुढचा," आचारी म्हणाला. मग त्याने पाहिलं. "तू? एवढ्यात?"

मुलगी जमिनीवरच बसली. जीव भांड्यात पडला होता आणि भांडंही समोरच होतं. दोन्ही हातांत तोंड झाकून ती आधी रडली, मग हसली, आणि मग तिला राग आला.

"हे काय आहे सगळं? मला वाटलं, तुम्ही..." पुढचं तिने गिळलं. "एका माणसाचं सांगितलं होतं ना मी?"

"ते आहे. ते वेगळं आहे. ते बघ टेबलावर."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. खुर्चीत घड्याळजी बसला होता. त्याने वाटी तिरकी करून शेवटचा चमचा घेतला, मिशी पुसली आणि वर पाहिलं.

"रांग लांब होती," तो म्हणाला. "हे आयतं ठेवलेलं दिसलं."

जिन्यातल्या लोकांना सिस्टरने वाटेला लावलं, घड्याळजीला दंडाला धरून नेलं. दार बंद झालं. आचाऱ्याने मुलीला सूप दिलं. तिने एक वाटी खाल्ली, न मागता दुसरी पुढे केली, तीही संपवली. तो समोर बसून वाट बघत होता. खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. पण एवढ्या माणसांनी पाहिल्यावर खोटं तरी काय बोलणार.

"जमत नाही मला," तो म्हणाला. "महिनाभर करून बघितलं. हाताला चारशेच माहीत आहेत. तू म्हणशील ते. बॅग भरतो."

तो उठला, कपाटावरची बॅग काढली आणि त्यात दोन शर्ट टाकले. मग खिडकीशी जाऊन पडद्याच्या कड्या सोडवायला लागला.

"बाबा, पडदा कशाला?"

"न्यायचाय."

मुलगी चमचा रिकाम्या वाटीत उगाच गोल फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, बॅग ठेवा."

"का? नापास झालो ना?"

"झालात. पण एक सांगते, रागावू नका. मी येताना सगळा रस्ता एकच मागत होते, की तुम्ही पास व्हावं. टेबलावर नुसता पाव असता तरी मी पास केलं असतं."

आचाऱ्याचा हात पडद्यावरच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे जागा नाहीये आमच्याकडे. तुमच्यासाठी खोली रिकामी केली. यांचं कामाचं टेबल बाथरूमच्या दारात आलंय. आंघोळीला तिरकं होऊन जावं लागतं. कपड्यांचं कपाट स्वयंपाकघरात. काल माझ्या ब्लाउजमध्ये लसूण सापडला. आम्ही दोघं रोज एकमेकांना सांगतो, काही त्रास नाही, बाबा येऊ देत. आणि रोज भांडतो."

"मग बोललीस का नाही?"

"बापाला येऊ नका म्हणू? आई नाही, तुम्ही एकटे, आणि मी असं म्हणू?"

"म्हणजे मी तिकडे नको होतो."

"नको नव्हतात. मावत नव्हतात."

आचाऱ्याने दुखावल्यासारखा चेहरा करायचा प्रयत्न केला. बापाने अशा वेळी दुखावलं जावं, निदान शिष्टाचार म्हणून. पण ओठ ऐकेनात. ते कानापर्यंत पसरले. मुलीने ते पाहिलं आणि तीही फिसकन हसली. मग दोघं इतके हसले, की खालून सिस्टरने छताला झाडूचा दांडा ठोकला.

"पण खाणार काय रोज?" निघताना मुलीने दारात विचारलं. "ते सांगितल्याशिवाय मी जात नाही."

"ती खालची बाई मघाशी वाढताना म्हणाली, एक दिवसाआड पातेलं चढवा, बटाटे-कांदे सगळे मिळून आणतील. मला विचारलं नाही, ठरवूनच टाकलंय तिने. एकजण फुलदाणी घेऊन आला होता, त्याला मात्र तिने परत पाठवलं, तो पुन्हा आलाच नाही."

"फुलदाणीवाल्यालाही द्या," मुलगी म्हणाली. "बिचारा उपाशीच राहिला असेल."

ती गेली. पहिल्या वळणावरच तिने नवऱ्याला फोन लावला. जिन्यात आवाज घुमत होता, त्यामुळे आचाऱ्याला सगळं ऐकू आलं. "राहतायत. हो, तिथेच. टेबल आत सरकव." पलीकडून जावई काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण तो गात होता असं वाटलं.

आचाऱ्याने शर्ट कपाटात परत ठेवले, कड्या पुन्हा अडकवल्या. मग त्याला भूक लागली. सकाळपासून त्याच्या पोटात चाखण्यापलीकडे काही गेलं नव्हतं. पातेलं तिरकं करून त्याने डावाने खरवडलं, कडेचं, तळाचं, सगळं ओढून एका वाटीत काढलं. वाटी काठोकाठ भरली. पातेल्यात थेंब उरला नाही.

बरोबर एका माणसाचं जेवण.

मुलगी अजून खाली रस्त्यावरच दिसत होती. वाटी घेऊन तो खिडकीशी गेला आणि हाक मारायला तोंडही उघडलं. मग मिटलं. आता उगाच पास व्हायची काय गरज, असं म्हणून तो खुर्चीत बसला आणि सूप गरम असतानाच प्यायला लागला.