लॅमिनेट केलेलं नियुक्तीपत्र

“सर, तुमचीपण मुलाखत दर जूनला परत घेतात का?”

शेफालीने हे विचारलं तेव्हा सभागृहातले तिन्ही पंखे चालू होते, तरी प्राचार्य आनंदराव सरांच्या कपाळाला घाम फुटला. प्रश्न शेफालीच्याच पोटातला होता, पण तो उभं राहून विचारायची पैज मैत्रिणींची होती. मधल्या सुट्टीत सुलक्षणा म्हणाली होती, “वर्गात लई बडबडतीस ना? मग साहेबांसमोर विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी तुझी.” शेफाली दहावीत होती. जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता, आणि तेव्हापासून हातात माईक नसला तरी ती तो असल्यासारखीच बोलायची. पोळी नसती तरी तिने विचारलं असतंच. पण पोळी होती.

समोर स्टेजवर संस्थेचे नवे कार्यकारी संचालक उभे होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. संस्थेने त्यांना सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आणलं होतं. ते आले आणि भोरचं साधंसुधं कॉलेज एका रात्रीत ‘कॅम्पस’ झालं. शिकवणं ‘डिलिव्हरी’ झालं. वाचनालय ‘नॉलेज झोन’ झालं, फक्त त्यातली पुस्तकं जिन्याखाली गेली, कारण झोनला मोकळी जागा लागते. आणि त्याच आवारातल्या शाळेपासून कॉलेजपर्यंतची झाडून सगळी पोरं ‘ग्राहक’ झाली.

आता शेफालीचा प्रश्न. तिची आई, संजीवनी मॅडम, कॉलेजात भूगोल शिकवायची. अकरा वर्षं. पण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरतीच नोकरी. वर्ष संपलं की नेमणूक ‘आपोआप संपुष्टात’. मग जूनमध्ये जाहिरात, आणि आईने आपल्याच खुर्चीसाठी परत अर्ज करायचा, परत सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडायच्या, परत इस्त्रीची साडी नेसून मुलाखतीला जायचं. अकरा वर्षांत आईची पदवी बदलली नव्हती, तिची झेरॉक्स मात्र अकरा वेळा निघाली होती. त्या सगळ्या झेरॉक्स शेफालीचे पप्पा, अजितराव, एसटी स्टँडसमोरच्या स्वतःच्या दुकानात काढून द्यायचे. भोंगवलीहून राहायला आलेली आजी, पारूबाई, हे बघून एकदा म्हणाली होती, “दर साली त्याच नवऱ्याशी नवं लगीन लावत्यात व्हय गं? अन् दर साली इचारत्यात, सैपाक येतो का?”

यंदा तर त्याहून वाईट होतं. भूगोलासकट तीन विषय पडद्यावर जाणार, अशी बातमी होती. पुण्याला एक माणूस एकदाच शिकवणार आणि तो सगळीकडे दिसणार. आई पोरांना भाटघर धरणाच्या कडेला उभं करून गाळ म्हणजे काय ते दाखवायची. पडद्यावरचा माणूस पोरांना कुठे उभं करणार होता?

साहेबांनी प्रश्न ऐकलाच नव्हता. ते कानाजवळचा माईक सरळ करत होते. “वंडरफुल क्वेश्चन,” ते म्हणाले. “बघा, हा आत्मविश्वास. आपल्या कॅम्पसमध्ये ग्राहक हा राजा आहे. प्राचार्य, यंदाच्या निवड समितीवर या ग्राहकाला घ्या. शिक्षक कोण हवा ते ग्राहकालाच ठरवू दे.”

टाळ्या झाल्या. फोटो निघाला. आनंदराव सर हळूच म्हणाले, “साहेब, ती आपल्या संजीवनी...” पण साहेब तोवर पुढच्या स्लाइडवर गेले होते.

दुसऱ्या दिवशी शिपाई सावळाराम घरी पत्र घेऊन आला. आईने ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. “निवड समिती, ग्राहक प्रतिनिधी. कालावधी, पाच वर्षे.”

“पाच?” आई म्हणाली.

“तुझं किती असतं?” शेफालीने विचारलं, उत्तर माहीत असून.

“नऊ महिने.” आईने पत्राची घडी घातली नाही. ते तिने टेबलावर सपाट ठेवलं, जसं कुणी दुसऱ्याचं बाळ जपून खाली ठेवावं. “अकरा वर्षांत मी ‘वर्षे’ हा शब्द माझ्या पत्रात बघितला नाही गं.”

अजितरावांचं वेगळंच. महत्त्वाचा कागद दिसला की त्यांचा हात आपोआप मशीनकडे जायचा. संध्याकाळी दुकान बंद करून आले तेव्हा सोबत नेलेलं पत्र कडक प्लॅस्टिकमध्ये बंद होतं, चारही कोपरे गोल कापलेले.

इथेच घोळ पक्का झाला. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव सरांनी शेफालीला ऑफिसात बोलावलं. “बाळ, टायपिंगची चूक झालीय. एका वर्षाचं पाच झालंय. शिवाय तुझी आई उमेदवार. मी जरा दुरुस्त करतो.” त्यांनी पेन काढलं. पेन प्लॅस्टिकवरून सरळ घसरलं आणि सरांच्या बाहीवर रेघ मारून थांबलं.

“हे काय केलंय?”

“पप्पांनी लॅमिनेट केलंय, सर.”

“बरं, ऑफिसची स्थळप्रत आण रे, सावळाराम.”

“ती काल झेरॉक्सला गेलती, सर,” सावळाराम म्हणाला. “यांच्याच दुकानात.”

तीपण लॅमिनेट होऊन आली असणार, हे ओळखून सरांनी पेनाला टोपण लावलं.

“मग सर, नेमणूकच रद्द करा,” शेफाली म्हणाली. तिला खरंच वाटत होतं, आईची मुलाखत आपण घेणं काही बरं दिसत नाही.

“कशी करू? साहेब स्टेजवरून बोललेत. फोटो पेपरात आलाय.” सरांनी सुस्कारा टाकून तिच्या हातात एक जाड पुस्तिका दिली. “साहेबांचं नवं धोरण. वाचून ये.”

शेफालीने ती भाषणासारखी पाठच केली. त्यात शंभरपैकी पन्नास गुण ‘ग्राहक समाधाना’ला होते. आणि कलम नऊ होतं: ग्राहक प्रतिनिधीच्या सहीशिवाय कोणतीही निवड वैध धरली जाणार नाही. हे कलम साहेबांनी कशासाठी घातलं असणार, ते पाचवीतलं पोरही सांगेल. एखादा शिक्षक नकोसा झाला की एका पोराची तक्रार पुरे. शेफालीला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. आजी म्हणाली, “पोरीला कुणाची नजर लागली.” नजर नव्हती, कलम नऊ होतं.

त्याच रविवारी घरी सगळे सात तासिकावाले जमले. मार्गासनीचे संजय सर मोटरसायकलवरून आले. ते सकाळी वेल्ह्याला इतिहास शिकवायचे आणि दुपारी भोरला, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य हेल्मेटमध्ये जायचं. पोहे खाता खाता ते म्हणाले, “गेल्या साली आमी काळ्या फिती लावून शिकवलं. काय झालं? त्यांनी फोटो काढून माहितीपत्रकात छापला. खाली लिहिलं, आमचा शिस्तबद्ध स्टाफ.”

“आपण एकेकटे आत जातो, म्हणून एकेकटे बाहेर येतो,” आई म्हणाली. “यंदा सगळे एकदमच आत जाऊ.”

“अन् हाकललं तर?”

“तर सगळ्यांना हाकलतील. मग पडदा किती ठिकाणी लावतात ते बघू.”

आई हे एवढ्या शांतपणे म्हणाली की स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या शेफालीने चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

मुलाखतीच्या दिवशी वेळापत्रक आईनेच टाइप केलं होतं. खुर्च्या आईनेच मांडून घेतल्या होत्या. भूगोलाचे प्रश्नही आईनेच काढले होते, कारण पुण्याचे विषयतज्ज्ञ दर वर्षी फोनवर म्हणायचे, “मॅडम, सिलॅबस तुम्हालाच माहितीय, चार प्रश्न काढून ठेवा ना.” यंदा तज्ज्ञ सकाळी पुण्याहून निघाले होते आणि बाराला खेड शिवापूरच्या टोलपाशी अजून निघतच होते. तेव्हा समितीत उरले तीन जण. मध्ये साहेब, एका बाजूला आनंदराव सर, दुसऱ्या बाजूला शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली शेफाली. समोर लॅमिनेट केलेलं पत्र.

“पहिला उमेदवार,” साहेब म्हणाले.

दार उघडलं आणि सातही जण आत आले.

“एकेक, प्लीज,” साहेब म्हणाले.

“आमी एकच आहोत, साहेब,” संजय सर म्हणाले. हेल्मेट त्यांच्या काखेत होतं.

“हे प्रोसिजरमध्ये बसत नाही.” साहेब जरा विचारात पडले आणि त्यांना आपलंच धोरण आठवलं. “ठीक आहे. ग्राहक काय म्हणतो? एकेक की सगळे?”

“सगळे,” शेफाली म्हणाली. “वेळ वाचेल. तुम्हीच म्हणता ना सर, वेळ वाचवा.”

सावळारामने सात खुर्च्या आणल्या. संजीवनी मॅडम पहिल्या खुर्चीवर बसल्या. शेफालीने घसा साफ केला.

“नाव सांगा.”

“तुला माहीत नाही?” आई म्हणाली.

“समितीला सांगा, मॅडम.”

आईने नाव सांगितलं. शेफालीने ते लिहून घेतलं, उगाचच.

“हे काम किती वर्षं करताय?”

“अकरा.”

“तुम्हाला आज विचारायचे प्रश्न कुणी काढलेत?”

आईने साहेबांकडे बघितलं, मग लेकीकडे. “मीच.”

“त्यांची उत्तरं येतात?”

“येतात.”

“मग आम्ही आज काय तपासायचं?”

साहेबांनी पुस्तिका उघडली आणि मिटली. शेफालीने बाकी सहाही जणांना तेच विचारलं. सहा वर्षं, नऊ वर्षं, चार वर्षं, संजय सर चौदा वर्षं. चौदा वर्षं एक माणूस दोन तालुक्यांना इतिहास शिकवतो आणि दर जूनला त्याला विचारतात, तुम्हाला इतिहास येतो का. हे ऐकून कुणाला राग येत नसेल तर त्याला शिकवून तरी काय उपयोग?

“गुण भरूया,” साहेब घाईने म्हणाले. “जागा चारच आहेत. बाकी विषय स्क्रीनवर जातील.”

शेफालीने सातही कागदांवर पन्नासपैकी पन्नास लिहिले. आनंदराव सरांनी तिच्या कागदांकडे चोरून बघितलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच पोराचं बघून लिहावं तसं, आपले गुणही पैकीच्या पैकी भरले.

“सगळे सारखे कसे?” साहेब म्हणाले. “असं चालणार नाही. चार ठेव, तीन काढ, आणि सही कर.”

“सही करते, सर. पण त्या दिवशी मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर राहिलंय.”

“कोणता?”

“तुमचीपण मुलाखत दर जूनला परत घेतात का?”

“शेफाली,” आई म्हणाली. घरी हा आवाज आला की शेफाली गप्प बसायची. पण हे घर नव्हतं, आणि समोर बसलेली बाई उमेदवार होती.

“उत्तर मिळाल्याशिवाय सही नाही. कलम नऊ.”

बोलले ते आनंदराव सर, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत. “माझी होते, बाळ. सात वर्षं झाली, मी प्रभारीच आहे. दर वर्षी मुदतवाढ. संस्थेचं मंडळ बोलावतं, अर्धा तास बाहेर बसवतं.” सर हे बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नसावं.

मग सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी फोन उलटा ठेवला. कानाजवळचा माईक नव्हता, तरी त्यांचा हात तिकडे गेला.

“जून नाही,” ते म्हणाले. “मार्च. मी संस्थेचा नाही, तिने ठेका दिलेल्या कंपनीचा आहे. ऑनलाइन घेतात. कॅमेरा फक्त माझाच चालू असतो.”

संजय सर उठले, आपली खुर्ची उचलली, साहेबांसाठी ओळीच्या टोकाला ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. “या की मग हिकडं,” ते म्हणाले. “बसा. आमी कुणाला हसत न्हाई.”

साहेब त्या खुर्चीवर बसले नाहीत. पण त्यांनी सातही कागद पुढे ओढले आणि सातहीवर सही केली. शेफालीने त्याखाली तिची सही केली, ‘फ’ला मोठा झोका देऊन. पडद्याचं काय ते पुढच्या वर्षी बघू, असं साहेब जाता जाता म्हणाले, म्हणजे पुटपुटले.

प्रश्नाचं उत्तर मिळालं तेव्हाच पैज पुरी धरून सुलक्षणाने सोमवारपासून पोळी सुरू केली. पण घरी आईचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेफालीने तीही अर्धीच खाल्ली. एवढं सगळं होऊन मिळालं काय, तर गेल्या वर्षी होतं तेच. नऊ महिने. ‘आपोआप संपुष्टात.’ फक्त यंदा आईच्या हातून ते निसटलं नव्हतं, एवढंच. पप्पांनी ते मशीनकडे नेलं आणि परत आणलं. नऊ महिन्यांसाठी कोण लॅमिनेट करतं?

रात्री जेवताना आई म्हणाली, “शेफू, छान केलंस. पण आता त्या समितीचा राजीनामा दे. आईची मुलाखत लेकीने घ्यायची, हे बरं नाही. शिवाय दहावीचं वर्ष आहे.”

“तुझी आई बरोबर बोलतीय,” पप्पा म्हणाले. “अर्ज मी टाइप करून देतो. एक झेरॉक्स आपल्याकडं ठेवू.”

“दे बाई,” आजी म्हणाली. “त्या सायबाची पण कीव येती मला.”

शेफालीने भिंतीकडे बघितलं. तिथे बाबासाहेबांच्या फोटोखाली पप्पांनी तिचं पत्र खिळ्याला टांगलं होतं, आणि ट्यूबचा उजेड प्लॅस्टिकवर पडून ‘पाच वर्षे’ तेवढंच चमकत होतं. आईचं पत्र फ्रीजवर, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली होतं. तिने पाण्याचा घोट घेतला, ताट बाजूला सरकवलं आणि माईक धरल्यासारखी ताठ बसली.

“आई, पप्पा, माझा विचार झालाय,” ती म्हणाली. “मी राजीनामा देणार नाही. या घरात एका तरी माणसाची नोकरी पक्की पाहिजे.”