काळी बुरशी, मोठ्या आवाजात

भामरे सरांकडे कॉमिक्स वाचायला गेलं की आधी हात दाखवावे लागत. तळवे, मग उलटे हात, मग नखं. त्यात पास झालात तर बोटांना पावडर लावायला मिळे. "कडा सांभाळा," सर म्हणायचे. "गोष्ट कुठं पळून जात नाही. कडा जातात."

सर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहत. मूळचे सटाण्याकडचे. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली, बोलणं हजेरी घेतल्यासारखं. या माणसाने जन्मात पंचांगाशिवाय काही वाचलं नसेल, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात पलंगाखाली कॉमिक्सच्या ट्रंका होत्या, आणि त्यांना दणका बसू नये म्हणून सर वर अंग चोरून झोपत.

आमची टोळी चौघांची. सर, मी, भद्रकालीतले रद्दीवाले शकीलभाई आणि बँकेतून निवृत्त झालेल्या दाणीकाकू. रविवारी सकाळी शकीलभाईंच्या गोदामात गठ्ठ्यांवर बसायचं आणि रद्दीत सापडलेला नवा अंक मोठ्याने वाचायचा. पात्रं वाटून घ्यायची. दाणीकाकूंना खलनायकच लागे. अख्खी नोकरी काउंटरमागे गोड बोलण्यात गेली होती, त्याची भरपाई चालली होती. आवाज काढायचं काम मात्र सरांचं. काच फुटली की सर गंभीर चेहऱ्याने म्हणत, "खळ्ळ." कुणी दरीत पडलं की, "धप्प." मग चष्मा सारखा करत.

सरांची पीएच.डी. हे आमच्या इमारतीचं जुनं दुखणं होतं. विषय, साठवणीतल्या कांद्यावरची काळी बुरशी. सर सुट्टी मिळाली की एसटीने विंचूरला जात आणि तिथल्या कांदा साठवायच्या चाळींमधले नासके कांदे पिशवीत घालून घरी आणत. जिन्यात वास सुटे. "काय सर, कधी संपणार?" जो भेटेल तो विचारी. "आलंय संपत," सर सांगत. माझी मुलगी बालवाडीत असताना हा प्रश्न विचारायला शिकली. सायकलने शाळेत जायला लागली तरी तिला तेच उत्तर मिळत होतं.

अखेर पदवी मिळाली. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. प्राचार्यांनी भाषणात "कांद्याच्या लागवडीवरील मोलाचं संशोधन" असा गौरव केला. लागवड नव्हे, साठवण, हे सांगायला सर उठले, तेवढ्यात चहा आला.

खरा सोहळा आम्ही रविवारी गोदामात ठेवला. पाववडे आणले, जिलबी आणली. सरांनी प्रबंधाची एक प्रत आणली होती. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. शकीलभाईंनी सवयीने ती आधी तराजूत टाकली. "माल वजनदार आहे, सर," ते कौतुकाने म्हणाले. मग कॉमिक्सचे अस्सल शौकीन दुर्मिळ अंकाचं करतात तेच आम्ही केलं. प्रत न उघडता प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वरून चिकटपट्टी मारली. कोरी प्रत, पहिली आवृत्ती, कडा शाबूत! यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नव्हता.

सर म्हणाले, "हो, हो. छान." पण जिलबी हातात तशीच राहिली.

दाणीकाकूंनी ते पाहिलं. "अहो, नवा अंक आलाय," त्या म्हणाल्या. "इथं काय पूजा मांडायचीय? वाचायचा!" आणि टर्रकन चिकटपट्टी ओढली.

पात्रं वाटली गेली. काकू अर्थातच काळी बुरशी. शकीलभाई कांदा. मी हवेतला दमटपणा, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. इंग्रजी मजकूर सर वाचत आणि मराठीत सांगत. कांदा काढताना पातीखालची मान फार आखूड कापली, की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. "शिरले बरं मी!" काकू गरजल्या. "या अल्लाह!" कांदा कळवळला. सरांनी एका चाळीत दोन ढीग लावले होते. एक आखूड मानेचा, दुसरा लांब मानेचा. पाऊस आला. मी दमटपणे पुढे सरकलो. भर श्रावणात सर चाळ उघडायला विंचूरला गेले.

इथे सर पान उलटायला थांबले.

"फिर?" शकीलभाई गठ्ठ्यावरून पुढे झुकले. "सर, पुढं काय झालं?"

सरांनी पान उलटलं नाही. चष्मा काढला. वर्गातला तो हजेरीचा आवाज कुठे गेला कोण जाणे; आमच्यासमोर पहिल्यांदाच ते घरच्या अहिराणीत बोलले. "माले आठ-नऊ वर्सं समदा इचारेत, कधी संपनार. आई, प्राचार्य, दूधवाला. पुढे काय व्हयनं, हे कोनीच इचारं नही, भो."

जिन्यात इतकी वर्षं तोच प्रश्न मीही विचारला होता. मला भरून आलं, आणि सरांचा रागही आला. एवढा एकटा माणूस डोक्यावर राहत होता आणि कधी बोलला नाही.

"अहो, रडताय काय?" दाणीकाकूंचाही आवाज कापत होता, पण बुरशीचा बाणा त्यांनी सोडला नाही. "मी जिंकले की हरले, ते सांगा आधी."

सरांनी डोळे पुसले. प्रबंध मिटून बाजूला ठेवला. त्यांना तो पाठच होता. उठून त्यांनी दोन्ही हातांनी हवेतली दाराची ताटी बाजूला सारली आणि म्हणाले, "कर्रर्र." आणि आम्ही तिघं मान वाकवून चाळीच्या अंधारात बघू लागलो.